केळीच्या चेंबरची वीज : एक तपासणी, दोन कलमं आणि दंडाचा हिशेब

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका केळी पिकवण केंद्राचं हे प्रकरण अभ्यासासाठी बांधलेलं आहे. माणसं आणि गाव मुद्दाम निनावी ठेवलं आहे. विजेचे दर गणित समजावं म्हणून धरलेले आहेत, कलमं मात्र वीज कायदा २००३ मध्ये आहेत तशीच घेतली आहेत. बागायतदार, व्यापारी आणि वीज कंपनीचे अभियंते या तिघांचाही अशा प्रकरणात एकाच जागी गोंधळ होतो. दंड किती, यावर सगळे भांडतात. पण कृत्य कोणत्या कलमात बसतं, हे पंचनाम्याच्या पहिल्या पानावरच ठरून गेलेलं असतं.

आधी जागा पाहू. शेताच्या बांधाला लागून पत्र्याचं पॅकिंग शेड आहे आणि त्याला जोडून पफ पॅनलची एक खोली, म्हणजे रायपनिंग चेंबर. कच्च्या केळीच्या फण्या क्रेटमध्ये भरून आत लावतात, इथिलीन हा फळ पिकवणारा वायू साधारण १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) सोडतात आणि तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. चार-पाच दिवसांत माल पिवळा होतो. कॉम्प्रेसर ५.५ किलोवॅटचा, पंखे मिळून दीड किलोवॅट, दिवे आणि ह्युमिडिफायर अर्धा किलोवॅट. जोडलेला भार एकूण ७.५ किलोवॅट.

शेडसाठी मालकाने ५ किलोवॅटची व्यावसायिक जोडणी घेतली होती. चेंबर नंतर बांधलं, तपासणीच्या पाच महिने आधी. पाच किलोवॅटवर ते चालेना. म्हणून भार वाढवून मिळावा असा अर्ज दिला, पोच घेतली. वाढीव भार मिळेपर्यंत विहिरीवरच्या साडेसात एचपीच्या कृषिपंप जोडणीतून एक केबल शेडपर्यंत आणली. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आली की चेंजओव्हर स्विच त्या बाजूला टाकायचा, गेली की डिझेल जनरेटर चालवायचा. केबल खांबावरून उघडी आलेली, स्विच शेडच्या दर्शनी भिंतीवर. मीटरला कोणी हात लावलेला नव्हता, म्हणजे चेंबरने खाल्लेली वीज कृषिपंपाच्या मीटरमधूनच मोजली जात होती. याशिवाय शेडच्या मागे राखणदाराची खोली होती. तिच्यावरून जाणाऱ्या उघड्या तारेवर एक आकडा टाकलेला होता. त्यावर पाणी तापवायचा ७५० वॅटचा रॉड, एक पंखा आणि एक बल्ब चालायचा.

वीज कंपनीचं भरारी पथक आलं आणि संध्याकाळपर्यंत तीन गोष्टी झाल्या. केबल आणि आकडा दोन्ही मिळून 'वीजचोरी, कलम १३५' असा एकच पंचनामा झाला. शेड आणि विहीर, दोन्ही जोडण्या जागेवर तोडल्या. चार दिवसांनी हातात पडलेल्या आकारणीत १३,१४,००० रुपयांचा आकडा होता. चेंबरमध्ये त्या वेळी दुसऱ्या दिवसाचा माल होता. इथिलीन देऊन झालेलं, फळाचा श्वसनवेग चढलेला. थंडावा बंद पडला की असा माल स्वतःच्याच उष्णतेने उकडतो. बाहेरून पिवळा दिसतो आणि आत गळतो.

आता कायदा. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हे कायद्यात दोन ठिकाणी येतं. कलम १२६ मध्ये ते 'अनधिकृत वापर' आहे. कलम १३५ च्या (१)(ई) मध्ये तेच कृत्य 'वीजचोरी' आहे. शब्द जवळपास सारखेच, पण १३५ मध्ये 'अप्रामाणिकपणे' हा एक शब्द जास्त आहे, आणि सगळा फरक त्या शब्दात आहे. सीताराम राइस मिलच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ स्पष्ट केली : १३५ साठी गुन्हेगारी हेतू लागतो, १२६ साठी लागत नाही. १२६ खाली ग्राहकाने वीज परवानगीबाहेर वापरली एवढं दिसलं की आकारणी होते. त्याच्या मनात काय होतं हे विचारलंच जात नाही. म्हणूनच १२६ मध्ये तुरुंग नाही, आरोपी नाही, फक्त बिल आहे. मन न तपासता माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही, हे न्यायाचं जुनं तत्त्व कायद्याने इथे पाळलं आहे.

आमच्या मते या प्रकरणात केबलचा भाग १२६ चाच होता. वीज मीटरमधून गेली. केबल आणि स्विच लपवलेले नव्हते. भारवाढीचा अर्ज तपासणीच्या आधीचा आहे आणि त्याची पोच आहे. चोरी करणारा माणूस वीज कंपनीला लेखी कळवून भार मागत नाही. याचा अर्थ मालक निर्दोष असा नाही. स्वस्त दराची, शेतीसाठी दिलेली वीज त्याने धंद्याला वापरली आणि आपल्या डीपीवर, म्हणजे भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण टाकला. पण ते कृत्य पैशाने भरून निघणारं आहे. फौजदारी शिक्क्याने भरून निघणारं नाही.

कलम चुकल्याचा पहिला फटका दंडाच्या रकमेत बसत नाही, वीज तोडण्यात बसतो. चोरी सापडली तर १३५(१क) खाली पुरवठा तिथल्या तिथे तोडता येतो. तोही अधिकृत केलेल्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच. तोडल्यापासून २४ तासांत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी लागते. ग्राहकाने आकारलेली रक्कम भरली की ४८ तासांत पुरवठा पुन्हा जोडायचा. कलम १२६ मध्ये मात्र जागेवर वीज तोडायचा अधिकार लिहिलेला नाही. तिथे आकारणी होते, ती थकली तर कलम ५६ ची पूर्ण १५ दिवसांची नोटीस, आणि मग तोडणी. ज्या कृत्याला १२६ लागतं त्यावर १३५ चा शिक्का मारला, की ग्राहकाची सुनावणी व्हायच्या आधीच त्याचा माल सडतो. ही शिक्षा कोणत्याही आदेशात लिहिलेली नसते, तिच्यावर अपील नसतं आणि कित्येकदा ती अंतिम दंडापेक्षा मोठी असते. तोडणी हा चालू नुकसान थांबवायचा उपाय आहे. इथे चेंजओव्हर स्विच सील करून केबल काढली असती, तर नुकसान थांबलंच असतं आणि शेडची रीतसर जोडणी चालू राहिली असती.

आता १३,१४,००० कुठून आले ते पाहू. पथकाने नेहमीचं सूत्र लावलं : भार गुणिले दिवस गुणिले तास गुणिले मागणी घटक. ७.५ किलोवॅट × ३६५ दिवस × २४ तास × १ = ६५,७०० युनिट. धरलेला व्यावसायिक दर १० रुपये, त्याची दुप्पट. गुणाकार बरोबर आहे, पण चारही संख्यांपैकी एकही जागेवरच्या वस्तुस्थितीतून घेतलेली नाही.

दिवस. कलम १२६(५) सांगतं की अनधिकृत वापर जेवढा काळ झाला तेवढ्या काळाची आकारणी करा. तो काळ ठरवताच येत नसेल तरच तपासणीआधीचे १२ महिने धरा. बारा महिने ही शेवटची पायरी आहे, पण कार्यालयातून तीच पहिली म्हणून वापरली जाते. चेंबर बसवणाऱ्या ठेकेदाराचं बिल, कॉम्प्रेसरची पावती आणि पिकलेल्या मालाची पहिली बिल्टी (मालवाहतुकीची पावती) या तीन कागदांवरून १५० दिवस ठरतात.

तास. शेतीच्या फीडरवर थ्री फेज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी पाळीने येते. मग चोवीस तास कसे धरले? फार तर सरासरी नऊ. जनरेटरच्या डिझेलच्या पावत्याही तेच सांगतात, कारण उरलेल्या वेळेचा भार डिझेलवर होता.

भार आणि मागणी घटक. मागणी घटक १ म्हणजे सगळी यंत्रं पूर्ण क्षमतेने अखंड चालली. चेंबरचा कॉम्प्रेसर असा चालत नाही. माल भरल्यावर पहिले तास तो सलग ओढतो, मग तापमान जमलं की थांबतो, पुन्हा लागतो. पथकाने पाटीवरचा आकडा लिहिला. टाँग टेस्टर (तारेभोवती धरून प्रवाह मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक फेजचा अँपिअर लिहिला असता तर खरा भार कागदावर आला असता. उदाहरणार्थ ४१५ व्होल्ट, ११.२ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर भार ६.८ किलोवॅट येतो, ७.५ नाही.

आणि यापेक्षाही मूळ मुद्दा : हे सूत्र मुळात मोजमाप नसेल तेव्हासाठी आहे. इथे मीटर होता आणि तो चालू होता. त्या पाच महिन्यांत कृषिपंपाच्या मीटरवर १३,५०० युनिट पडले. मागच्या वर्षी त्याच महिन्यांत, चेंबर नसताना, ५,४०० पडले होते. बाग तीच, ठिबक तेच. फरक ८,१०० युनिटचा. हा आकडा उलटा तपासून पाहा : ७.५ × १५० × ९ म्हणजे कमाल १०,१२५ युनिट. ८,१०० हे त्याच्या ८० टक्के येतात. थांबत-लागत चालणाऱ्या कॉम्प्रेसरला ते जुळतं. म्हणजे आकारणी ८,१०० × १० × २ = १,६२,००० रुपये. याच युनिटचे शेतीच्या दराने आधी भरलेले पैसे, ४ रुपये दर धरून ३२,४००, वजा जाता उरतात १,२९,६००. स्थिर आकार सोपेपणासाठी बाजूला ठेवला आहे.

दुप्पटच का? २००७ च्या दुरुस्तीआधी कायद्यात दीडपट होती, मग दुप्पट झाली. पहिली पट भरपाईची आहे : जी वीज ज्या दराने घ्यायला हवी होती, तिचे पैसे. दुसरी पट जरबेची आहे. पकडलं गेल्यावर नुसती मूळ रक्कमच भरायची असेल, तर प्रामाणिकपणे आधी भरणारा शेजारी मूर्ख ठरतो. पकडलं न जाण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी दुसरी पट गरजेची. हे आम्हाला पटतं. खानदेशात एका डीपीवर दहा-पंधरा पंप असतात. एकाने लपूनछपून भार वाढवला की टोकाच्या विहिरीवर व्होल्टेज पडतं आणि मोटार जळते ती दुसऱ्याची. पण जरबेची पट खऱ्या रकमेवर बसली तरच ती न्याय्य. काल्पनिक ६५,७०० युनिटच्या दुपटीत दोन पटी नाहीत, खऱ्या ८१,००० रुपयांच्या सोळापट आहेत. तेवढा अधिकार कायद्याने कुणालाच दिलेला नाही.

राखणदाराच्या खोलीवरच्या तारेवर टाकलेल्या आकड्याचं काय? तो भाग चोरीच आहे. तारेवरून थेट, मीटरशिवाय. इथे १३५ बरोबर लागतं आणि कायद्याचं गृहीतकही लागू होतं : कृत्रिम साधन सापडलं की वापर ग्राहकाने अप्रामाणिकपणे केला असं धरलं जातं, उलट सिद्ध करायची जबाबदारी ग्राहकावर. आकडा राखणदाराने टाकला असला तरी पहिला प्रश्न मालकालाच येतो. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून भागत नाही. खोलीला रीतसर दिवा दिला होता का, आकडा शेडच्या दारातून दिसत होता का, हे पाहिलं जातं.

इथली रक्कम बारीक आहे, पण शिक्षेची उतरंड समजायला नेमकी आहे. रोजचे दीड युनिट, १५० दिवस, म्हणजे २२५ युनिट आणि २,२५० रुपयांचा आर्थिक लाभ. कलम १५४(५) खाली विशेष न्यायालय दिवाणी देणं ठरवतं, ते दराच्या दुपटीपेक्षा कमी नसतं : ४,५००. दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. भार १० किलोवॅटच्या आत असताना पहिल्या वेळी दंड लाभाच्या तिपटीपेक्षा कमी नाही, म्हणजे किमान ६,७५०. दुसऱ्या वेळी सहापट.

तिसरा रस्ता कलम १५२ च्या तडजोडीचा. लघुदाब जोडणीला दर किलोवॅट किंवा एचपीमागे औद्योगिक २०,०००, व्यावसायिक १०,०००, शेती २,०००, इतर ४,००० रुपये. किलोवॅटचा काही भाग असला तरी पूर्ण धरतात. खोलीचा भार साधारण ८३४ वॅट, जागा व्यावसायिक, म्हणून १०,०००. किमान दंडापेक्षा हे जास्त आहे, तरी बहुतेक जण हेच भरतात. ते बरोबरही आहे, कारण तडजोड झाली की खटला चालत नाही आणि ती निर्दोष सुटकेसारखी धरली जाते. मात्र दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही. तडजोडीच्या रकमेत विजेचं बिल धरलेलं नसतं, ते वेगळं. आणि ही सवलत एका माणसाला आयुष्यात एकदाच मिळते. केबलचा वादग्रस्त भाग आणि आकडा एकाच पंचनाम्यात राहू दिले असते, तर तडजोड सगळ्या ८.३ किलोवॅटवर, म्हणजे नऊ धरून ९०,००० रुपयांना पडली असती. शिवाय जे चोरी नव्हतंच त्यावर ही एकमेव संधी खर्च झाली असती. म्हणून हरकतीतली पहिली मागणी रकमेची नव्हती, दोन कृत्यं वेगळी करा अशी होती.

पंचनाम्याच्या वेळी काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. जीपच्या बोनेटवर कागद ठेवून अभियंता म्हणाला, "भाऊ, इथं सही करा." मालक म्हणाला, "साहेब, आधी वाचू द्या," आणि वाचून झाल्यावर सहीच्या वर त्याने स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिल्या : केबल कृषिपंपाच्या मीटरनंतर जोडलेली आहे, मीटरचं सील शाबूत आहे, आजचं रीडिंग अमुक. पुढचं सगळं प्रकरण या तीन ओळींवर उभं राहिलं. सही नाकारली असती तर 'सही देण्यास नकार' एवढंच उरलं असतं. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे. इकडे पथकानेही चूक केली. आकड्याची वायर पाकिटात घालून पंचांच्या सह्यांनी सील करायला हवी होती. ती नुसती गुंडाळून जीपमध्ये टाकली. न्यायालयात ती वायर तीच, हे सिद्ध करताना अशा जागी खटला पडतो आणि खरा चोरही सुटतो.

पुढची वाट मुदतींची आहे. निर्धारण अधिकारी तात्पुरता आदेश देतो. तो मान्य असेल तर सात दिवसांत रक्कम भरायची. मान्य नसेल तर लेखी हरकत, सुनावणी, आणि तात्पुरता आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश. घाबरून पहिल्या आठवड्यात सही करून पैसे भरणारे पुष्कळ असतात. संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील चालत नाही, हे त्यांना नंतर कळतं. दुसरी चूक ग्राहक आयोगात किंवा कंपनीच्या तक्रार निवारण मंचात धाव घेण्याची. कलम १२६ ची आकारणी ग्राहक मंचापुढे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या अनिस अहमद निकालात सांगितलं आहे. दिवाणी न्यायालयालाही कलम १४५ ने मनाई आहे. तिथे तारखा पडत राहतात आणि इकडे अपिलाचे ३० दिवस निघून जातात. अपील कलम १२७ खाली, महाराष्ट्रात विद्युत निरीक्षकाकडे, आणि त्यासाठी आकारलेल्या रकमेची निम्मी आधी भरावी लागते. न भरलेल्या रकमेवर वर्षाला १६ टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी चक्रवाढ. निर्धारण अधिकारी हा वीज कंपनीचाच माणूस असतो. म्हणून कंपनीबाहेरच्या निरीक्षकापुढचं हे अपील या सगळ्या व्यवस्थेला न्याय्य ठेवणारा खिळा आहे. निम्म्या रकमेच्या अटीने तो लहान माणसाला महाग पडतो, हेही खरंच.

या प्रकरणात हरकतीसोबत सहा कागद जोडले : भारवाढीच्या अर्जाची पोच, ठेकेदाराचं बिल, पहिली बिल्टी, दोन वर्षांची मीटर रीडिंग, फीडरचं वेळापत्रक, डिझेलच्या पावत्या. अंतिम आदेशात केबलचा भाग १२६ खाली वेगळा झाला, १५० दिवस आणि मीटरचे ८,१०० युनिट मान्य झाले, आधीचे पैसे वजा झाले. रक्कम १,२९,६०० ठरली. एक मुद्दा फेटाळला गेला, दराच्या वर्गाचा. राज्याच्या दरपत्रकात पंपांच्या शेतीदराशिवाय 'कृषी – इतर' असा वर्ग आहे आणि शेतमालाची प्री-कूलिंग केंद्रं व शीतगृहं त्यात येतात. पिकवण्याचं चेंबर हे शेतमालाचं शीतगृह आहे की व्यापारी प्रक्रिया, हा प्रश्न उघडा आहे. अधिकाऱ्याने ते व्यावसायिक धरलं, कारण चेंबरमध्ये व्यापाऱ्याचाही माल पिकत होता. 'कृषी – इतर'चा दर ७ रुपये धरला तर आकारणी ८,१०० × ७ × २ = १,१३,४००, वजा ३२,४००, म्हणजे ८१,००० येते. फरक ४८,६०० रुपयांचा.

मालकाने ६४,८०० रुपये भरून फक्त या एका मुद्द्यावर अपील केलं. आकड्यापुरती १०,००० ची तडजोड आणि ४,५०० चं बिल वेगळं भरलं. राखणदाराच्या खोलीला शेडच्या मीटरवरून रीतसर दिवा दिला, पंधरा किलोवॅटच्या नव्या जोडणीसाठी चाचणी अहवालासह अर्ज दिला. त्यात वापराच्या रकान्यात 'पॅकिंग शेड' न लिहिता 'केळी साठवण व पिकवण, स्वतःचा आणि इतरांचा माल' असं पूर्ण लिहिलं. चेंजओव्हर स्विच अपिलाचा निकाल लागेपर्यंत सीलसह भिंतीवर तसाच आहे.